नवऱ्याच्या चेहऱ्याचा माणूस

मंगळवार, ११ मार्च, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. वेळेबद्दल शंका नाही, कारण त्या वेळी मी मोबाइलवर चित्रण करत होते आणि ती वेळ त्याच्या कोपऱ्यात उमटली आहे. हेतू पुरावा गोळा करण्याचा होता. आमच्या स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याचे कपडे घालून एक परका माणूस कॉफी करत होता, आणि पोलिसांकडे रिकाम्या हाताने जाण्यात अर्थ नव्हता.

चित्रणात तो पाठमोरा दिसतो. फिल्टरमधले डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, पातेल्यात ओततो आहे. माझा आवाज शांत आहे, प्रयोगशाळेत सहकाऱ्याला रीडिंग विचारावे तसा.

"मंजुनाथ कुठे आहे?"

तो वळून हसतो. "हा काय इथं. आणखी कुठं असणार?"

"शेवटचं विचारते आहे. मंजुनाथचं तुम्ही काय केलंत?"

त्या 'तुम्ही'ला तो थबकतो. लग्नाला तीन वर्षे झाली होती आणि मी त्याला कधीच तुम्ही म्हटलेले नव्हते. त्याचे हसू पुरते मावळण्याआधी चित्र हलते. फिल्टरमध्ये उरलेले वाफाळते डिकॉक्शन मी त्याच्या मानेवर फेकले होते. मोबाइल फरशीवर पडला. पुढच्या चित्रणात फक्त छताचा पंखा आहे आणि आवाज आहेत: कुकरचे झाकण हाडावर बसल्याचा, स्टूल कोसळल्याचा, पेले घरंगळल्याचा. मग एक ओरडा येतो, जो माणसाचा वाटत नाही. मी त्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले, तेव्हाचा तो. दात एकमेकांना भिडेपर्यंत मी सोडले नाही, असे नंतर टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. तो माझ्यापेक्षा अंगाने दुप्पट आहे. त्याने मला एकदाही मारले नाही. शेजारी दार फोडून आत आले तेव्हा तो एवढेच म्हणत होता, "तिचं डोकं सांभाळा, ओट्याला आपटेल."

मी अन्नतंत्रज्ञ आहे. पदार्थांचा पोत मोजणे हे माझे काम. यंत्राची पट्टी बिस्किटावर उतरते, बिस्कीट विरोध करते, आलेख चढत जातो आणि एका क्षणी कोसळतो. त्या क्षणीचा आकडा आम्ही टिपतो. बरी झाल्यावर ते चित्रण मी त्याच सवयीने पाहिले, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा. माझ्या मेंदूच्या दाहावर रुग्णालयाने जाडजूड फाइल तयार केली आहे. त्या फाइलीत मंजुनाथ फक्त एका ओळीपुरता येतो: 'सोबत असलेला नातेवाईक जखमी.' ज्या घरांत हा आजार नुकताच शिरला असेल, त्यांच्यासाठी त्या एका ओळीबद्दल लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

रेल्वे फाटक

त्या फेब्रुवारीत मी एका नव्या प्रकल्पाच्या प्रमुखपदासाठी अर्ज केला होता. स्पर्धेत माझ्याहून बरेच ज्येष्ठ असे दोघे होते आणि त्यांना मागे टाकण्यात मला निखळ आनंद मिळणार होता. त्यामुळे डोकेदुखी, कणकण, उडालेली झोप, विनाकारण भडकणे, हे सगळे मी कामाच्या ताणात जमा केले.

मग म्हैसूरजवळच्या कृष्णराजनगरहून परतीचा तो रविवार आला. तिथे मंजुनाथच्या चुलतभावाची भातशेती आहे. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली असताना मी शेजारी पाहिले. डाव्या भुवईतला एकुलता पांढरा केस, हनुवटीवरची लहानपणीची खोक, सगळे जागच्या जागी होते. आणि माझ्यात काहीच घडले नाही. एरवी काही घडते, हेही मला तोवर ठाऊक नव्हते. फ्रिजची घरघर बंद पडली की ती चालू होती हे कळते, तसे.

यावर तर्क करणारा मेंदू अजून शाबूत होता, हेच घातक ठरले. हा चेहरा मंजुनाथचा आहे. हा माणूस मला परका आहे. दोन्ही विधाने खरी मानली तर तिसरे आपोआप येते. मी त्याची परीक्षा घेऊ लागले. आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया कोणत्या गावी झाली, तू मला सर्वांत आधी काय खोटे सांगितले होतेस. त्याने सगळी उत्तरे बरोबर दिली. त्यावरून मी ताडले, की त्याची तयारी उत्तम करून घेतलेली आहे. त्या दिवसापासून माझ्या उशीखाली शिवणाची कात्री होती.

निदानाचा दिवस

पहिल्या रुग्णालयाने मला मनोविकार विभागात ठेवले. तिथे मी एका परिचारिकेच्या बरगडीत लाथ घातली आणि खिडकीच्या काचेवर कपाळ आपटले. दुसऱ्या दिवशी आकडी आली, जीभ दातांत सापडून फाटली, आणि या फाटलेल्या जिभेने मला वाचवले. आकडी आल्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांना बोलावले गेले. त्या बाईंनी मला दुसऱ्या रुग्णालयात हलवून पाठीच्या कण्यातले पाणी तपासायला पाठवले.

निदान सांगितले तेव्हा मी औषधाने झोपवलेली होते. पुढचे मला आईने आणि मंजुनाथने, वेगवेगळे, सांगितले आहे. आई नाशिकची, निवृत्त मुख्याध्यापिका. खबर मिळताच आली होती. डॉक्टर कानडीत बोलत होत्या आणि आईसाठी मराठी करण्याचे काम मंजुनाथकडे आले. त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. पूर्वज साड्या रंगवत आणि छापत. आता त्याच मंडी मोहल्ल्याच्या गल्लीत तो उदबत्त्यांचे खोके छापतो. घरी मराठीच बोलतात, पण त्या मराठीच्या प्रत्येक वाक्यात कानडीचा एखादा पाहुणा येऊन बसलेला असतो.

"त्या म्हणतायत, शरीराचं जे सैन्य असतं ना, ते स्वतःच्याच मेंदूवर उलटलंय. आपलं कोण, परकं कोण, त्याला कळेना झालंय. औषध आहे. अंडाशयात एक गाठ आहे, तिच्यामुळंच हे पेटलंय, ती काढायची."

"आणि ही माणसांना मारते, ती का?" आईने विचारले.

डॉक्टर बराच वेळ बोलल्या. मग मंजुनाथने ते मराठीत आणले.

"चेहरा ओळखायचा रस्ता वेगळा, म्हणतायत. तो चालू आहे. पण आपलं माणूस दिसलं की छातीत स्वल्प काहीतरी हलतं. नाडी बदलते, तळहाताचा घाम बदलतो. आपल्याला कळतही नाही. तो दुसरा रस्ता बंद पडलाय हिचा. म्हणून चेहरा दिसतो, पण माणूस पोचत नाही."

"पण मला तर ओळखते ती. सकाळी 'आई' म्हणून हाक मारली."

"जो सगळ्यात जवळचा, त्याचाच रस्ता बहुतेक आधी जातो, म्हणतायत." हे वाक्य बोलताना त्याने बँडेजचा हात पाठीमागे नेला, असे आई सांगते.

त्या वाक्याने दोन माणसांना इजा केली. मंजुनाथची तुम्हांला कळली असेल. आईची मला फार उशिरा कळली. बरी झाल्यावर केस विंचरता विंचरता ती अचानक म्हणाली, "म्हणजे मी जवळची नव्हते, असाच त्याचा अर्थ ना?" मला मोठे करणाऱ्या बाईला, मी तिच्या अंगावर धावून गेले नाही याचे दुःख होते.

आईची सूचना

वॉर्डातील दिनक्रम असा: पहाटे रक्त काढायचे, मग मानेतल्या नळीतून औषध, मग अंग पुसणे, मग जेवणाची झटापट. माझी मनगटे आणि घोटे मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेले असत. एकदा पट्टा सैल राहिला आणि मी मानेतली नळी उपसली. छतापर्यंत रक्त उडाले, हे आईचे वर्णन अतिशयोक्त असावे. पण त्यानंतर पट्टे सैल राहिले नाहीत. मी आईच्या तोंडावर भात थुंकले. मंजुनाथ आत आला की मी पट्ट्यांना हिसके देत असे आणि कातडी सोलवटत असे. त्याचा टाके घातलेला हात खाटेजवळ आला तेव्हा नेम धरून गुडघा मारला. दोन टाके उसवले.

या काळात आईने त्याला एक सूचना केली. तिच्या दृष्टीने ती संपूर्णपणे शास्त्रीय होती.

"मंजुनाथराव, हिच्याशी नीट मराठीत बोला. आधीच मेंदू थकलाय. त्यात तुमचं ते कानडी मिसळलेलं ऐकून आणखी गोंधळेल. सावकाश, स्वच्छ, पूर्ण वाक्यांत."

आईला त्याचे बोलणे कधीच मानवले नव्हते. जावयाला सगळे मंजू म्हणतात, हे तर ती नाशिकच्या मैत्रिणींपासून अजून लपवून आहे. पण त्या वेळी तिचा हेतू केवळ माझ्या भल्याचा होता आणि मंजुनाथने ती सूचना शिरोधार्य मानली. बाहेरच्या बाकावर बसून तो वाक्ये मनात जुळवी, मग आत येऊन म्हणे, "शाल्मली, मला तुझी काळजी वाटते. तू थोडेसे जेवून घे. मी तुझ्याजवळ बसू का?"

ती वाक्ये मला आठवतात. त्या आठवड्यांतले फार थोडे आठवते, पण हे आठवते, कारण त्यांनी माझी उरलीसुरली शंका मिटवली. मंजुनाथ असे बोलत नाही. आजारी मेंदूला पुराव्याची भूक असते, आणि आम्ही सुशिक्षित माणसांनी चांगल्या मराठीत तो त्याच्या हातात नेऊन दिला.

पडदा

एका दुपारी खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढलेला होता. बाहेर मंजुनाथची थोरली बहीण सुनंदा डबा घेऊन आली होती. तिला सगळे अक्का म्हणतात. पलीकडून आवाज आला.

"अक्का, साकु आता, एवढं भात कोण खाणार. आईंच्या हातनं दोन घास खाल्ले तिनं. मी आत गेलो की परत सुरू होतंय. सुम्ने कशाला तिला त्रास."

'साकु' म्हणजे पुरे, 'सुम्ने' म्हणजे उगाच. हे दोन शब्द मी लग्नाआधी त्याच्याकडून शिकले होते. माझ्या छातीत काहीतरी आपटले.

"मंजू," मी हाक मारली. "कुठे होतास इतके दिवस?"

बाहेर सगळे थांबले. मग तो म्हणाला, "इथंच की ग."

"आत येऊ नकोस. तो माणूस आसपास असेल. तुझ्या चेहऱ्याचा. तुला मारेल तो."

पुढे डॉक्टरांनी समजावले, की आवाजाचा रस्ता चेहऱ्याच्या रस्त्याहून निराळा असतो आणि माझा तो शाबूत होता; फक्त चेहरा समोर आला की तो दबून जाई. त्या क्षणी त्या दोघा भावंडांना हे कोणी सांगितलेले नव्हते. मंजुनाथ पडद्याला हात न लावता स्टुलावर बसला. अक्का हळू म्हणाली, "लग्नात अंतरपाट भटजींनी वेळेवर काढला होता. आता हा कोण काढणार रे?"

"तू स्वल्प गप्प बस," तो म्हणाला.

त्यानंतर आमचा संसार काही काळ त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंनी चालला. मी त्याच्याकडे त्या दुसऱ्या माणसाच्या तक्रारी करत असे आणि तो मन लावून ऐकत असे.

"तो म्हणतो, मला तुझी काळजी वाटते."

"अय्यो. असं म्हणतो?"

"तू कधी म्हणालास?"

"नाही बा."

"माझ्या पेल्यातली कॉफी पीत नाही. स्वतःचा वेगळा पेला आणतो. आणि बसताना विचारतो, बसू का. तू कधी विचारलंस?"

"मी कशाला विचारू? माझीच बायको की."

"मी त्याचा गळा दाबणार आहे, मंजू. हे पट्टे फक्त सुटू देत."

पलीकडून, "दाब. पण आधी स्वल्प जेव."

मी जेवले. आईने भरवलेला पूर्ण वाडगा संपवला. आई त्या वेळी पडद्याच्या आत, माझ्या बाजूला होती. संध्याकाळी ती बाहेर जाऊन जावयाला म्हणाली, "तुम्ही तुमचंच बोला हो. माझं चुकलं."

निकटच्या नात्याचे मानसशास्त्र मी नंतर पुष्कळ वाचले. बरेचसे पटले. पण माझ्यापुरती सर्वांत भक्कम सामग्री त्या तक्रारींत होती. खोट्या नवऱ्याविरुद्ध मी मांडलेला एकूण एक मुद्दा त्याच्या सौजन्याचा होता. तो परवानगी मागे, आभार मानी, अंतर राखी. खरा नवरा उष्टे पितो, न विचारता बसतो, वाक्य अर्धे सोडतो आणि उरलेले मी पूर्ण करेन असे धरून चालतो. ही गृहीत धरण्याची मुभा गेली, की समोर उरते ते एक सभ्य, परके, धोकादायक शरीर. आपण आपल्या माणसाला कोणत्या पुराव्यावर ओळखतो, असे मला आता कोणी विचारले तर चेहऱ्याचा क्रमांक मी बराच खाली लावीन.

चीड

गाठ काढली. औषधे चढत गेली. चेहरा एका क्षणी परत आला असे झाले नाही. पण नोंद घेण्यासारखा पहिला बदल मी सांगू शकते. पट्टे सुटले होते. मंजुनाथ पडद्याच्या आत, खाटेच्या पायथ्याशी बसून कोडबळी खात होता. तांदळाच्या पिठाची ती कडक कडी तो दाढेत धरून फोडतो आणि प्रत्येक वेळी दगड फुटल्यासारखा आवाज येतो. तीन वर्षे मी त्यावर भांडत आले होते. तो आवाज ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मंजू, तोंड मिटून खा ना."

त्याचे चावणे थांबले. कोडबळीचा तुकडा गालात तसाच. कोणी हालचाल केली तर काही मोडेल, असा तो बसून राहिला. माझ्या पहिल्यांदा लक्षात आले, की मी त्या चेहऱ्याकडे पाहून हे बोलले आहे. सर्वांत आधी परतली ती चीड. माया तिच्या मागून, हळूहळू. तुमच्या घरातील रुग्ण तुमच्यावर पूर्वीसारखा चिडचिडला तर वाईट वाटून घेऊ नका. ते सुचिन्ह असू शकते.

कोपर

इथपर्यंतची हिंसा माझी होती आणि आजाराची होती. पुढची सांगणे अधिक अवघड आहे.

घरी आल्यावर सगळे मला जपत होते. मंजुनाथ छापखान्यात जाऊ लागला होता. छपाईआधी कागदांचा गठ्ठा हाताने फुलवून पाने सुटी करावी लागतात. त्याचा उजवा अंगठा आता वळत नव्हता, म्हणून ते काम तो डाव्या हाताने शिकत होता. एका सकाळी मी न सांगता मंडी मोहल्ल्यात गेले. यंत्र धडधडत होते, तो पाठमोरा उभा होता. मी मागून त्याच्या कमरेभोवती हात टाकले.

त्याचे कोपर माझ्या तोंडावर बसले. दुसरा घाव खांद्यावर आला, मी खोक्यांच्या थप्पीवर कोसळले, आणि तो माझ्यावर मूठ उगारून उभा होता. डोळ्यांत ओळख नव्हती. ती यायला वेळ लागला. तोवर माझ्या तोंडातले रक्त उदबत्तीच्या खोक्यांवर ठिबकत होते.

मग तो खाली बसला आणि त्याला उलटी झाली.

छापखान्याच्या माडीवर, अक्काच्या घरात, माझ्या ओठाला बर्फ लावताना अक्काचा आणि घरून धावत आलेल्या आईचा बांध फुटला.

"हात उचलला त्यांनी माझ्या मुलीवर," आई म्हणाली.

"विहीणबाई, तुमची मुलगी बरी झाली, आनंद आहे. माझा भाऊ बरा झाला का, ते कुणी विचारलं?"

"आजारी कोण होतं?"

"चावा कुणाला बसला? घरातल्या सगळ्या सुऱ्या त्यानं माझ्याकडे आणून ठेवल्यात. म्हणतो, धार लावायची आहे. सगळ्या सुऱ्यांना एकदम धार लावतात का कुणी? रात्री खोलीला आतनं कडी घालून झोपतो, म्हणतो, मांजर येतं. तुमच्याकडे मांजर आहे का ग, शाल्मली?"

मांजर नव्हते. सुऱ्या दिसत नाहीत हे माझ्या लक्षातही आले नव्हते. माझ्या प्रकृतीची काळजी म्हणून कोणी मला स्वयंपाक करू देत नसावे, असे मी धरले होते.

"असं असेल तर मी हिला नाशिकला नेते," आई म्हणाली. "महिनाअखेरची दोन तिकिटं काढते. इथे कुणाचा तरी जीव जाईल."

मंजुनाथ दारात उभा होता. तो 'नको' म्हणेल, म्हणून मी वाट पाहिली. तो जिना उतरून यंत्राकडे गेला. कोपरापेक्षा ते अधिक लागले.

ऑक्सिमीटर

रुग्णालयातून आणलेला, बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर घरात पडून होता. तो नाडीही दाखवतो. तिकिटे आली त्या दिवशी मी तो मंजुनाथसमोर ठेवला.

"तुला माझी भीती वाटते का?"

"नाही ग. भीती कसली? तू बरी झालीस, मला माहीत आहे की."

"लाव."

त्याने बोटाला लावला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असताना ७८. शेजारी येऊन बसले, ९६. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ११२. ओट्यावरचा कॉफीचा फिल्टर उचलून मी त्याच्या दिशेने वळले तेव्हा १३१, आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"मला खरंच भीती वाटत नाही," तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. मला ते समजू शकत होते, कारण मीही त्याच ठिकाणी जाऊन आले होते. मार्चमध्ये माझ्या डोळ्यांना तो दिसत होता आणि माझे शरीर म्हणत होते, हा तो नव्हे. आता त्याच्या बुद्धीला मी बरी दिसत होते आणि त्याचे शरीर म्हणत होते, ही तीच आहे. फरक एवढाच, की माझ्या बिघाडावर औषध होते.

दाह उतरतो, गाठ निघते. पण जिने जवळ येऊन चावा घेतला, तिला पुन्हा जवळ येऊ देणे हे जखमी माणसाच्या इच्छेवर नसते. त्याच्या पहाऱ्यावरचा शिपाई त्याचे ऐकत नाही. त्याला समजावून, रडून, 'माझ्यावर विश्वास नाही का' असे विचारून काहीही होत नाही. मी हे तिन्ही करून पाहिले. एकदा तर संतापून पेला भिंतीवर फोडला आणि आकडा १४० वर गेला. त्यानंतर तो संबंध दिवस अक्काकडे राहिला.

मग मी कामावर ज्या शिस्तीने यंत्राची पट्टी उतरवते, तशी जवळ येऊ लागले. समोरून यायचे. आधी बोलायचे. आकडा चढला की तिथेच थांबायचे, उतरेपर्यंत वाट पाहायची, मग आणखी एक पाऊल. मोडण्याचा बिंदू गाठायचा नाही, एवढाच माझ्या रोजच्या कामाहून फरक. आकडे रोज उतरत नव्हते. काही दिवस आदल्या दिवसापेक्षा वाईट जात. तो कंटाळला की म्हणे, "मी काय बिस्कीट आहे का ग?" मी म्हणे, "बिस्कीट इतकी तक्रार करत नाही."

प्रकल्पाचे प्रमुखपद त्या दोघांपैकी एकाला मिळाल्याचे पत्र त्याच आठवड्यात आले. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही.

जाण्याच्या आदल्या सकाळी

आईची बॅग भरून दाराशी होती. माझी अर्धी भरलेली, आत पलंगावर. स्वयंपाकघरात ऊन आले होते. मंजुनाथ ओट्याशी आला, बोटाला चिमटा लावलेला, आणि ओट्यावर त्याने एक सुरी ठेवली. आमचीच, अक्काकडून परत आणलेली. धार लावलेली नव्हती.

मी दारातच थांबले.

त्याने माझ्याकडे पाठ केली. जाणूनबुजून, मार्चनंतर पहिल्यांदा. फिल्टर उघडून तो डिकॉक्शन पातेल्यात ओतू लागला. सुरी माझ्या हाताच्या अंतरावर होती. त्याच्या मानेवर भाजल्याचा गुलाबी पट्टा होता. मी तो पाठीमागून, इतक्या उजेडात, कधी पाहिला नव्हता. थोडे डिकॉक्शन ओट्यावर सांडले, पण तो वळला नाही.

"किती झालंय?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारले आणि बोट मागे केले.

"एकशे एक."

"कमी नाही झालं, अल्वा?" 'अल्वा' म्हणजे 'हो ना'.

"नाही. पण तू वळला नाहीस."

त्याने कॉफी एकाच पेल्यात ओतली, एक घोट प्यायला आणि तो उष्टा पेला माझ्या हातात दिला. "आईंना सांग, एक तिकीट रद्द करा. भीती जायची तेव्हा जाईल. तोवर ती पण राहू दे इथंच, आपल्यात."

बाहेरच्या खोलीत आई बॅगेची चेन लावता लावता थांबली, ते मला ऐकू आले.

मग त्याने बोटावरचा चिमटा काढला आणि माझ्या बोटाला लावला. "सारखं माझंच बघतेस. आता तुझं. हलू नको. माझ्याकडं बघ, सुम्ने."

मी पाहिले. भुवईतला पांढरा केस. हनुवटीवरची खोक. ओठावर कॉफीचा फेस. आकडा ८४ वर होता आणि मग तो चढू लागला. मी जागची हललेही नव्हते. ते भय होते की डॉक्टरांनी सांगितलेला तो दुसरा रस्ता होता, हे नाडीवरून ठरवता येत नाही आणि मी ठरवण्याचा प्रयत्न केला नाही. यंत्र बंद करण्याआधी मी टिपलेला शेवटचा आकडा: १०४.